अडतीसशेची रेघ

१

विमान धड उतरलं होतं. एकोणीस उतारू आपापल्या पिशव्या उचलून, जांभया देत घरी निघूनही गेले होते. मग चाकं तपासायला मेकॅनिक खाली वाकला आणि त्याच्या हातातला पाना गळून पडला. उजव्या चाकाच्या दांड्यात एक हिरवीगार फांदी अडकली होती. ताजी. पानांवर अजून ढगातलं पाणी होतं.

विमानाच्या चाकात झाडाची फांदी येत नसते. आलीच, तर ती बघायला त्या विमानातलं कोणी उरत नाही.

बातमी नकाशाखात्यात पोचली तेव्हा नकाशे तपासणारी बाई आपल्या टेबलाशी होती. खात्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. वैमानिकांच्या उतरण्याच्या नकाशांत काही बदल झाला, की तो सरकारी पत्रकाशी ताडून बघायचा आणि खाली सही करायची, हे तिचं काम. ‘भिंगबाईच्या हातून मुंगी सुटेल, पण शून्य सुटायचं नाही,’ असं खात्यातले ड्रॉइंगकाका म्हणायचे.

ढगात शिरल्यावर वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही. त्या एका कागदावर भरवसा ठेवून तो खाली येतो. कागदावर जागोजागी उंचीचे आकडे असतात, आणि आकड्याइतकीच त्याच्याजवळची रेघ महत्त्वाची. आकड्याखाली रेघ, म्हणजे याच्या खाली जायचं नाही. आकड्याच्या वर रेघ, म्हणजे याच्या वर राहायचं नाही. दोन्हीकडे रेघ, म्हणजे नेमकं तेवढंच. आणि रेघच नसेल, तर तो नुसता सल्ला.

धावपट्टीच्या सहा मैल अलीकडे एक झाडीची टेकडी होती. तिच्यावरचा आकडा इतकी वर्षं चौतीसशे फूट होता. टेकडीवर नवा मनोरा उभा राहिला आणि गेल्याच आठवड्यात पत्रक आलं: अडतीसशे करा. रेघ खालीच.

साहेबांनी तिच्यापुढे दोन कागद टाकले. “हा कॅप्टनचा, हा को-पायलटचा. लावा तुमचं भिंग.”

को-पायलटच्या कागदावर अडतीसशेच्या खाली रेघ होती. कॅप्टनच्या कागदावर तीच रेघ आकड्याच्या वर होती.

खाली जाऊ नका, आणि वर राहू नका. एकाच टेकडीवर, एकाच विमानात, शेजारी शेजारी बसलेल्या दोन माणसांच्या मांडीवर.

“मूळ प्रत काढा,” साहेब म्हणाले.

तिनं कपाट उघडलं. नंबर बघून फाइल काढली. आतलं प्लॅस्टिकचं पाकीट रिकामं होतं.

“कुठं गेली?”

“माहीत नाही, साहेब.”

हे खरं होतं. पण त्या कागदानं रविवारची दुपार कुठं काढली, ते तिला पक्कं माहीत होतं. तिच्या घरी, तापानं फणफणलेल्या तिच्या अडीच वर्षांच्या लेकीच्या अंथरुणावर. आणि लेकीच्या मुठीत काळं पेन होतं.

२

चौकशीला आलेला माणूस आवाज चढवेल, टेबलावर मूठ आपटेल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. आला तो एक म्हातारासा, घसा बसलेला गृहस्थ. इतकं हळू बोलायचा, की ऐकायला पुढं वाकावं लागे. तासाभरात त्याचं नावही पडलं: हळूबोले. तिला मात्र त्या हळू बोलण्याचीच जास्त भीती वाटली.

तिला कागदपत्रं पुरवायला खोलीत बसवून घेतलं होतं. समोर कॅप्टन. शेजारी को-पायलट, जेमतेम पंचविशीतली मुलगी.

“मी ओरडले, सर, खाली नको!” मुलगी म्हणाली. “दोनदा ओरडले.”

“आणि मी म्हणालो, कागद बघ,” कॅप्टन म्हणाले. “माझ्या कागदावर रेघ वर होती. टेकडीवर पोचेपर्यंत अडतीसशेच्या खाली असायलाच हवं, असाच त्याचा अर्थ. मी तीन हजारांवर आलो. सव्वीस वर्षं विमान चालवतोय, साहेब. रेघ वाचता येते मला.”

“मग सव्वीस वर्षांत त्या टेकडीवर कधी एवढं खाली आला होतात?” हळूबोलेंनी विचारलं.

कॅप्टननी आपला कागद पुन्हा हातात घेतला.

साहेबांनी घसा खाकरला. “स्पष्टच बोलतो. यांनी चूक केली, आणि उतरल्यावर पेन काढून रेघ ओढली. आणखी काय? लायसन्स वाचवायला माणूस काय वाट्टेल ते करतो.”

“तोंड सांभाळून!” कॅप्टन उठून उभे राहिले.

“बसा,” हळूबोले म्हणाले. “प्रती कोणी काढल्या?”

ड्रॉइंगकाका दाराशी उभे होते. तीस वर्षं याच खात्यात आकडे कापण्या-चिकटवण्यात गेलेली. बोटांना कायम डिंकाचा वास. “मीच. सोमवारी. आधी दोन्ही विमानांच्या कॅप्टनांच्या काढल्या, मग चहा प्यालो, मग दोन्ही को-पायलटांच्या. चारही त्याच मूळ प्रतीवरून, आपल्या त्या तीळवाल्या मशीनवर.”

“तीळवाल्या?”

“काचेवर चरा पडलाय. प्रत्येक कागदावर एक काळा ठिपका उमटतो. आम्ही त्याला मशीनचा तीळ म्हणतो. नवं मशीन मागून मागून आमचे केस पिकले.”

“बरं, बरं,” साहेब घाईनं म्हणाले. “दुसरं विमान साडेतीनला येतंय. आलं की त्यांच्याही प्रती जमा करू. पण गुन्हेगार इथंच बसलाय.”

कागद परत करताना तिनं सवयीनं त्यावर भिंग धरलं, आणि धरायला नको होतं असं तिला वाटलं. कॅप्टनच्या रेघेत शाई नव्हती. मशीनची काळी पूड होती, बाकीच्या अक्षरांसारखीच. म्हणजे कॅप्टननं काही ओढलं नव्हतं. रेघ मशीनमधूनच आली होती. मूळ प्रतीवरून.

एक वाक्य बोललं असतं, तर समोरच्या माणसाच्या मानगुटीवरचं भूत उतरलं असतं. पण उतरून ते तिच्या घरी गेलं असतं. तिनं भिंग खिशात घातलं आणि मान खाली घातली.

बाहेर आल्यावर काकांनी तिला जिन्यात गाठलं. “पोरी, काही बोलू नकोस. घरी जे झालं ते घरातच राहू दे. लेकरू ते. त्याला काय कळतंय?”

ती नुसती मान हलवून पुढं गेली. जिना उतरून झाल्यावर तिचे पाय थबकले. कागद घरी नेल्याचं तिनं रजिस्टरात लिहिलं नव्हतं. कोणालाही सांगितलं नव्हतं. मग काकांना कसं कळलं?

३

जेवणाच्या सुट्टीत ती घरी धावली. सासूबाई दार उघडता उघडताच म्हणाल्या, “अगं, एवढी पांढरी फटक का पडलीस? ताप उतरलाय तिचा. सकाळपासून नाचतेय.”

चिमी जमिनीवर पालथी पडून जुन्या वहीत काहीतरी गिरवत होती. तिनं पर्स न काढताच लेकीपुढं बसकण मारली. एका कागदावर ठळक आकडा लिहिला. चिमीच्या हातात काळं पेन दिलं.

“चिमे, त्या दिवशी आईच्या कागदावर काय काढलंस गं?”

“लेघ!”

“दाखव बघू. कुठं काढलीस?”

देवा, वाकडीतिकडी काढू दे. गोल काढ, भोपळा काढ, काहीही काढ.

चिमीनं जीभ बाहेर काढली. पेन मुठीत धरलं. आणि आकड्याच्या बरोबर वर, एक छोटीशी, नीट, सरळ रेघ ओढली.

“आईशालखी!” ती टाळ्या पिटत म्हणाली.

आईसारखीच. तपासताना पत्रकातल्या प्रत्येक आकड्यावर हलकी रेघ मारायची सवय तिची स्वतःचीच. पोरीनं ती मांडीवर बसून बघितली होती.

“अगं, रडतेस काय?” सासूबाई घाबरल्या. “पोरीनं रेघ काढली म्हणून कोणी रडतं का?”

“आई, रविवारी मी त्या कागदापासून किती वेळ लांब होते?”

“पाणी तापवायला गेलीस तेवढीच. तिला गुलाबी औषध पाजलं मी, तर निम्मं थुंकली. त्याचा थेंब पडला की तुझ्या कागदाच्या कोपऱ्यावर. मी पुसला. का गं?”

तिला रविवार आठवला. मांडीवर चटका बसेल असं तापलेलं अंग, एका हातात ओली पट्टी, दुसऱ्या हातात पत्रक. पत्रकात अडतीसशे, कागदावर अडतीसशे. बरोबर. सही. कागदाच्या मागच्या बाजूला चिमीनं काढलेली गिचमिड तिनं बघितली होती. मागची बाजू कोण बघतंय, म्हणून सोडून दिली होती. पुढं आकड्याजवळ रेघ होती का, नव्हती का, कुठं होती? तिनं डोळे घट्ट मिटून आठवायचा प्रयत्न केला. आकडा दिसत होता. रेघ दिसत नव्हती.

घड्याळात पावणेदोन वाजले होते. निघताना तिनं चिमीच्या हातातून पेन काढून घेतलं आणि माळ्यावर टाकलं. चिमीनं भोकाड पसरलं. ते तिला रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.

४

सगळं सांगून टाकायचं ठरवूनच ती हळूबोलेंच्या खोलीत शिरली. तोंड उघडलं, पण शब्द निघाला तो भलताच. “ते दोन कागद पुन्हा बघू का?”

“बघा की.” त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खोकल्याची गोळी तोंडात टाकली. “मघाशीही तुम्हाला काहीतरी दिसलं होतं, बाई. मी वाट बघत होतो.”

या माणसाला सगळं माहीत होतं की काय? मान वर न करता तिनं भिंग लावलं. रेघेकडे बघायचं धाडस होईना, म्हणून ती कडा बघत बसली. आणि तिथं तिला तीळ दिसला.

को-पायलटच्या कागदावर तो वरच्या डाव्या कोपऱ्यात होता. कॅप्टनच्या कागदावर खालच्या उजव्या.

काचेवरचा चरा जागचा हलत नाही. म्हणजे काकांनी मूळ प्रत मशीनवर चहाच्या आधी उलटी ठेवली होती आणि चहानंतर ठेवली ती सरळ. डोकं खाली, पाय वर. त्यानं काही बिघडत नाही, प्रत तीच येते. पण...

“साहेब,” ती हळूच म्हणाली. आता तीही त्यांच्याइतकीच हळू बोलत होती. “कागदावर पेनानं काढलेली रेघ, कागद फिरवला तर जागा सोडेल का?”

“कशी सोडेल?”

“आणि ही सोडतेय. तीळ एका टोकाला, तर रेघ खाली. तीळ दुसऱ्या टोकाला, तर रेघ वर. कागद फिरवला की उडी मारते ती रेघ नव्हे.” तिला धाप लागली. “ती सावली आहे.”

हळूबोलेंनी गोळी चघळायची थांबवली.

ती त्यांना ओढतच मशीनपाशी घेऊन गेली. कोऱ्या कागदावर तिनं आकड्याची एक पट्टी डिंकानं चिकटवली, काका चिकटवायचे तशी. कागद सरळ ठेवून प्रत काढली. मशीनमधला दिवा एका अंगानं येतो. पट्टीची जाड कड त्याच्या आड आली, आणि प्रतीवर आकड्याखाली बारीक काळी रेघ उमटली. मग कागद उलटा ठेवला. रेघ आकड्याच्या वर गेली.

“दुरुस्ती पट्टी चिकटवून केली होती,” ती म्हणाली. “चौतीसशेवर अडतीसशेची पट्टी. जुन्या आकड्याची रेघ पट्टीखाली झाकली गेली. नवी रेघ पट्टीवर असायला हवी होती, पण जागा कमी, म्हणून कात्री आकड्याला अगदी लागून चालली असणार. रेघ छाटली गेली. मूळ प्रतीवर रेघच नाहीये! ना वर, ना खाली. या दोन्ही रेघा खोट्या आहेत. को-पायलटची नशिबानं खरी निघाली, एवढंच.”

ती रेघ चिमीची नव्हती. चिमीनं काही केलं नव्हतं! ती मशीनला टेकून उभी राहिली. रडावं की हसावं कळेना.

हळूबोले मात्र हसत नव्हते. “काका काय म्हणाले होते? चहाच्या आधी कोणाच्या प्रती काढल्या?”

“दोन्ही विमानांच्या कॅप्...”

दोघांनीही एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून सोळा मिनिटं. खिडकीबाहेर ढग टेकडीवर रजईसारखे पसरले होते.

सकाळपासून ती स्वतःच्या लेकीसाठी घाबरत बसली होती. दुसऱ्यांची लेकरं अजून आकाशात होती, आणि त्यांच्या कॅप्टनच्या मांडीवर तोच कागद होता.

५

रेडिओच्या खोलीपर्यंतचा व्हरांडा इतका लांब आहे, हे तिला आजवर माहीत नव्हतं. वाटेत साहेब आडवे आले. “अहो भिंगबाई, कुठं निघालात? ती खोली आपल्या खात्याची नाही.”

“सरका!”

नोकरीला लागल्यापासून साहेबांना कोणी असं बोललं नव्हतं. ते सरकले.

रेडिओवाल्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता बटण दाबलं. “सांगा काय सांगायचं ते.”

“त्यांना सांगा, टेकडीवर अडतीसशेच्या खाली येऊ नका. कागदावरची रेघ खोटी आहे.”

त्यानं सांगितलं. खरखर झाली. मग आवाज आला, शांत, कामातला. “पुन्हा सांगा. आमच्याकडे रेघ वर आहे. आम्ही आत्ता छत्तीसशेवर, अजून खाली...”

आवाज तुटला.

“वर घ्या!” रेडिओवाला ओरडला. “लगेच वर घ्या! अडतीसशेच्या वर!”

खरखर. नुसती खरखर. तिनं टेबलाची कड धरली. डोळ्यांपुढं ती हिरवी फांदी आली. सकाळचं विमान मनोऱ्याच्या कोणत्या बाजूनं गेलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नव्हतं. आत कोणी आई असेल. तिच्या मांडीवर झोपलेलं कोणी असेल. खालून टेकडी येतेय, हे त्यांना माहीत नसेल.

पाठीमागे हळूबोले उभे होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. घड्याळाचा काटा जागचा हलत नव्हता.

“...वर चढतोय,” रेडिओ बोलला. “चार हजारांवर आहोत. काय झालंय खाली?”

रेडिओवाल्यानं कपाळावरचा घाम पुसला. “या तुम्ही. मग सांगतो. सावकाश या.”

वीस मिनिटांनी विमान ढगातून बाहेर पडलं. मेकॅनिक चाकांशी वाकला, आणि त्यानं लांबूनच दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले.

६

काका आपल्या स्टुलावर बसून होते. ती जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. हळूबोले दाराशीच थांबले.

“काका, मूळ प्रत द्या.”

“कोणती प्रत, पोरी?”

“मी कागद घरी नेल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. ते कळायला त्याच्यावरचा औषधाचा गुलाबी डाग बघावा लागतो. मागची गिचमिड बघावी लागते. तुम्ही ती बघितलीत.”

काकांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग टेबलाचा खण ओढला, जुन्या ब्लेडांच्या डब्याखालून कागद काढला आणि तिच्या हातात दिला.

“सकाळी फांदीचं ऐकलं, वरचीखालची रेघ ऐकली, आणि सगळ्यांच्या आधी कपाट उघडलं. सोमवारी घाईत लक्ष दिलं नव्हतं, आता पाठीमागं लेकराची रेघोटी दिसली. म्हटलं, झालं. या पोरीचं घर बुडालं. पुढची बाजू बघायची छातीच झाली नाही बघ. तसाच लपवला.”

“आता बघा, काका.”

त्यांनी कागद सुलटा केला. चष्मा वर केला, खाली केला. पट्टीवर अडतीसशेचा आकडा होता. स्वच्छ, ठळक. वर काही नव्हतं. खाली काही नव्हतं. पट्टीची खालची कड आकड्याला चाटून गेली होती.

काकांच्या लगेच लक्षात आलं. तीस वर्षं कात्री चालवलेला माणूस तो. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

“म्हणजे पोरी,” ते कसंबसं म्हणाले, “माझ्या कात्रीनं...?”

तिला वाटलं होतं की चिमी सुटली म्हणजे भीती जाईल. पण भीती कुठंच गेली नव्हती. लेकीवरून उठून ती तिच्याच शेजारी येऊन बसली होती, आणि आता त्या भीतीकडे बघावंच लागणार होतं. चौकशीवाल्यांना फक्त पट्टी दाखवली असती तरी चाललं असतं. पट्टी काकांची होती.

“तुमच्या कात्रीनं,” ती म्हणाली, “आणि माझ्या डोळ्यांनी. पत्रकात ‘खाली रेघ’ असं लिहिलं होतं. मी आकडा बघितला, रेघ बघितली नाही. सही केली.”

काकांनी तिचा हात धरला. दोघांचेही हात गार होते.

दारात पाऊल वाजलं. कॅप्टन आत आले. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. आता हा माणूस काय बोलेल, म्हणून तिनं अंग चोरून घेतलं. त्यांनी खिशातून फांदीचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

“माझं नाव धुतलं गेलं म्हणे,” ते म्हणाले. “पण ती पोरगी दोनदा ओरडली होती. दोन कागद दोन गोष्टी सांगतात, तेव्हा थांबायचं असतं, वर जायचं असतं. मी सव्वीस वर्षं मोजत बसलो.” ते हळूबोलेंकडे वळले. “हेही लिहा.”

हळूबोले बसले. लिहू लागले. तिचा जबाब झाला तेव्हा त्यांनी विचारलं, “मुलीच्या तापाचं गाळू का? गरज नाही त्याची.”

“नका गाळू. ते कारण म्हणून चालायचं नाही, पण झालं तसं होतं. कागद घरी नेला होता, हेही लिहा. उद्या कोणाला तरी पुन्हा न्यावासा वाटेल.”

“नोकरीवर गदा येईल, बाई.”

“येईल.”

त्यांनी कागद पुढं सरकवला. तिनं सही केली. मग सवयीनं पेन सहीच्या खाली गेलं आणि एक रेघ ओढून थांबलं.

“ही कशाला?” हळूबोलेंनी विचारलं.

ती रेघेकडे बघत राहिली. चिमीच्या रेघेसारखीच होती, छोटी, नीट, सरळ.

“असू दे,” ती म्हणाली. “याच्या खाली जायचं नाही.”

मग ती घरी जायला निघाली. माळ्यावरून पेन काढून द्यायचं होतं.